घाटापलीकडे पाऊस मोजून मिळतो

‘एक लिटर म्हणजे एक किलो, बॉस! ओतून टाक.’

आमचा आयटीवाला म्हणाला आणि मी ओतली. माळशेज घाटाच्या पायथ्याशी, सकाळी सव्वासहाला, सायकलच्या दोन बाटल्यांपैकी एक चक्क उलटी केली. समोरच्या कड्यावरून सात-आठ धबधबे कोसळत होते, रेनकोटच्या कॉलरमधून पाणी पाठीत उतरत होतं, रस्त्याच्या कडेचं गटारही स्फटिकासारखं वाहत होतं. पाणी नावाची गोष्ट कमी पडू शकते असं त्या क्षणी कोणी म्हटलं असतं, तर मी हसले असते. दुपारी दोन वाजता मात्र त्याच बाटलीच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं. आणि तेही वाया घालवू नये, असं वाटून गेलं.

तर प्लॅन असा होता. एक शनिवार, चार सायकली, चार जण. आयटीवाला, ज्याच्याकडे सायकलपेक्षा सायकलचे गॅजेट्स महाग आहेत. बँकवाली, जी कशाचंही टोटल मारल्याशिवाय झोपत नाही. डेंटिस्ट, ज्याने आदल्या आठवड्यात चुलतभावाची सायकल उधार आणली होती आणि ‘घाट चढायला काय, गिअर असतात ना?’ असं विचारलं होतं. आणि चौथी मी. मोसम सप्टेंबरचा. पहाटे साडेतीनला ठाण्याहून टेम्पोत सायकली टाकायच्या, मुरबाडच्या पुढे टोकावड्याला उतरायचं, तिथून माळशेज चढून कल्याण-नगर रस्त्याने थेट हिवरे बाजार. साधारण एकशेतीस किलोमीटर. टेम्पोवाले काका पुढे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, बहिणीकडे जाणार आणि संध्याकाळी आम्हाला गावातून उचलणार.

हिवरे बाजारच का? खरं सांगायचं तर, आम्हा चौघांनाही ते नाव शाळेपासून पाठ होतं आणि चौघांपैकी एकही तिथे गेला नव्हता. आदर्श गाव म्हटलं की राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार, हे स्पर्धा परीक्षेच्या गाईडसारखं तोंडावर येतं. ‘गोव्याला सात वेळा गेलोय आपण,’ बँकवालीने हिशेब मांडला, ‘आणि हे गाव एका दिवसाच्या अंतरावर आहे.’ झालं, ठरलं.

टोकावड्याला पाच वाजता काळोखात सायकली उतरवल्या. चहाची टपरी नुकती उघडत होती. मोरोशीपर्यंत रस्ता बरा आहे, आणि उजाडता उजाडता डाव्या-उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत उभी राहते. ही भिंत गाडीच्या काचेतून बघणं वेगळं आणि ‘आपल्याला त्यावर जायचंय’ हे माहीत असताना बघणं वेगळं. डेंटिस्टने मान वर करून बघितलं, मग खाली गिअरकडे बघितलं आणि दोन किलोमीटर तो कोणाशी बोलला नाही.

घाटाबद्दल फार लिहीत नाही, कारण माळशेजबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. एवढंच सांगते की सायकलवर धुकं दिसत नाही, लागतं. चष्म्याला लागतं, ओठांना लागतं. ट्रकवाले वळणावर हॉर्न देऊन जपून जातात, उलट वीकेंडवाल्या कार्समधली मंडळी खिडकीतून ‘कम ऑन!’ ओरडत अंगावर चिखल उडवून जातात. छोट्या बोगद्यात शिरल्यावर पाऊस एकदम बंद होतो आणि फक्त आपला श्वास ऐकू येतो. तो आवाज फार अभिमानास्पद नसतो. दरड कोसळते म्हणून पावसाळ्यात इथे अधूनमधून बंदीचे आदेश निघतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करून जा आणि कड्याखाली फोटोसाठी थांबू नका. आम्ही चार ठिकाणी थांबलो. फोटोसाठी नाही. डेंटिस्टसाठी.

आठ वाजता माथ्यावर. गरमागरम भजी, कटिंग, कोरडे मोजे. इथेच शेजारी, काही किलोमीटरवर, नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल त्याच वाटेने जुन्नरला चढायचा. त्या बैलांना कोणी ‘कम ऑन’ म्हणत असेल का, असं आयटीवाल्याने विचारलं. बैलांच्या वतीने डेंटिस्टने उत्तर दिलं. ते छापण्यासारखं नाही.

आणि मग सुरू झाली ती गोष्ट, जी आजवर मी दहा वेळा एसटीने आणि कारने या रस्त्यावरून जाऊनही मला कधी दिसली नव्हती.

पाऊस संपत जातो.

भूगोलाच्या पुस्तकात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ अशी एक ओळ असते. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला आपटून वर चढतात, थंड होतात, घाटमाथ्यावर रिकामे होतात, आणि पलीकडे उतरताना हवा गरम होऊन ढग विरत जातात. दोन मार्कांचा प्रश्न. पण सायकलवर तो प्रश्न तासाला पंधरा किलोमीटरच्या वेगाने उलगडतो. माथ्यावर धो धो पाऊस. खुबी फाट्यावर नुसती भुरभुर. कुकडी प्रकल्पातल्या पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याकडेने जाताना रेनकोट काढला. (इथे फ्लेमिंगो दिसतात म्हणतात. आम्हाला बगळे दिसले.) ओतूरला रस्ता कोरडा, शेतं मात्र हिरवीगार. आळेफाट्याला चक्क ऊन. एका सकाळीत आम्ही महाबळेश्वरातून निघून सोलापूरच्या रस्त्याला लागल्यासारखं वाटत होतं, आणि अंतर किती? साठ-पासष्ट किलोमीटर फक्त.

ओतूरजवळ माझ्या मागच्या टायरमध्ये तार घुसली. आयटीवाल्याने आपली सगळी हत्यारं रस्त्याच्या कडेला दुकानासारखी मांडली आणि शेवटी पंक्चर काढलं ते समोरच्या गॅरेजमधल्या पंधरा वर्षांच्या पोराने, सात मिनिटांत, वीस रुपयांत. आळेफाट्याला मिसळ झाली. आळे गावात ज्ञानेश्वरांनी ज्याच्याकडून वेद वदवून घेतले त्या रेड्याची समाधी आहे. तिथे डेंटिस्ट हात जोडून बराच वेळ उभा राहिला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं असावं.

निघताना मी एकच बाटली पाण्याने भरली. दुसरीत कोल्ड्रिंक. वाटलं, पुढे गावं आहेतच की.

पुढे बेल्हे, आणि मग आणे घाट. माळशेजसमोर हा घाट म्हणजे अगदी लहान भाऊ, पण दुपारी दीडच्या उन्हात तो मोठ्यासारखाच वागतो. ओढ्याने खडक पोखरून तयार झालेला गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल याच भागात आहे, तो बघायचा ठरला होता. कोणीही त्याचं नाव काढलं नाही. वर आण्याचं पठार. इथे रंगदास स्वामींच्या यात्रेला हजारोंच्या पंगतीला आमटी-भाकरीचा प्रसाद होतो. आम्ही पोचलो तेव्हा यात्रा नव्हती, पंगत नव्हती, सावलीही नव्हती. बाजरी गुडघ्याच्या वर, मधे उघडा खडक, एखादी बाभूळ. आणि आकाशात तेच ढग, जे सकाळी आमच्यावर कोसळत होते. आता पांढरे, सुटसुटीत, फोटोत छान दिसतील असे. पाणी सोडून सगळं होतं त्यांच्यात.

कर्जुले हर्याच्या अलीकडे डेंटिस्टच्या पोटरीत गोळा आला. तो रस्त्याच्या कडेला आडवा, त्याची बाटली रिकामी, आयटीवाल्याची रिकामी, माझ्यात कोल्ड्रिंकचे गरम चार घोट. बँकवालीने आपल्या सॅकमधून दोन भरलेल्या बाटल्या काढल्या.

‘तू भरून ठेवल्या होत्यास?’

‘मी सकाळपासून मोजतेय,’ ती शांतपणे म्हणाली. ‘तुम्ही तिघांनी मिळून माळशेजमध्ये साडेतीन लिटर पाणी ओतलं. मी काही बोलले नाही, कारण तेव्हा तुम्ही ऐकलं नसतं.’

कोणी काहीच बोललं नाही. दोन बाटल्या चौघांत वाटल्या, झाकणाने मोजून. टाकळी ढोकेश्वरपर्यंत पुरल्या. तिथल्या लेण्याचा डोंगर लांबूनच बघितला, हापशावर डोकी घातली आणि पुढे निघालो.

भाळवणी मागे टाकल्यावर मुख्य रस्ता सोडून आत वळलो. आजूबाजूचे डोंगर आतापर्यंत दिसले तसेच, बोडके, तांबूस. आणि मग एका वळणानंतर ते तसे राहिले नाहीत. झाडी फार घनदाट आहे असं नाही, ‘जंगल’ म्हणावं असंही नाही. पण उतारावर गवत उभं होतं, पुरुषभर नसलं तरी कंबरभर, आणि डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा दिसत होत्या, कोणी कंगवा फिरवल्यासारख्या. समतल चर. पावसाचं पाणी धावत खाली येऊ नये, थांबावं, मुरावं, म्हणून खणलेले. साडेपाच वाजता आम्ही गावात शिरलो तेव्हा आमचे अवतार बघून एका आजोबांनी बसायला जागा करून दिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

‘पाणी देऊ का आधी?’

या गावाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल तर पुढचा परिच्छेद गाळा. नसेल तर थोडक्यात. १९७२च्या दुष्काळानंतर हिवरे बाजार घसरत गेलं. डोंगर तुटले, विहिरी आटल्या, माणसं मुंबई-पुण्याला गेली, जे राहिले त्यांच्यात दारूच्या भट्ट्या आणि भांडणं. सरकारी नोकराची इथे बदली म्हणजे शिक्षा मानली जायची. १९८९मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवारांना सरपंचपदासाठी गळ घातली. एम. कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा, गावातला एकमेव पोस्ट-ग्रॅज्युएट. ते बिनविरोध निवडून आले. सुरुवात शाळेपासून झाली. मग रोजगार हमीतून चर, बांध, पाझर तलाव, झाडं. १९९४च्या सुमारास राज्याच्या आदर्श गाव योजनेत गावाचा समावेश झाला. त्यासाठी राळेगणच्या वाटेवरचे नियम स्वीकारले गेले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. १९९५मध्ये १८० पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, पंधरा-एक वर्षांत ती संख्या तीनवर आली. दिवसाला दीडशे लिटर दूध निघायचं तिथे चार हजार लिटर निघू लागलं. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पण हे सगळं गुगलवर आहे. मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

गावाला वर्षाला सरासरी जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस मिळतो. सकाळी ज्या माथ्यावर आम्ही भजी खाल्ली, तिथे काही हजार मिलिमीटर पडतो. हिवरे बाजारने पाऊस वाढवला नाही. तो कोणालाच वाढवता येत नाही. त्यांनी तो मोजला. गावात पर्जन्यमापक आहेत, विहिरींची पातळी बघितली जाते, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. एवढा पाऊस पडला, एवढा वाहून गेला, एवढा मुरला. त्यातून आधी माणसांना आणि जनावरांना प्यायला, मग जे उरेल त्यात रब्बीला काय आणि किती घ्यायचं ते ठरतं. कमी पाऊस असेल तर कमी पेरा. ऊस नाही, केळी नाही. आणि शेतीसाठी बोअरवेल नाही. स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशानेसुद्धा नाही.

‘कोणी गुपचूप मारली तर?’ आयटीवाल्याने विचारलं.

आजोबा हसले. ‘गुपचूप बोअर मारता येते व्हय? मशिनीचा आवाज शिवारभर जातोय.’

गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक मावशी चालल्या होत्या, त्या थांबल्या. चराईबंदी म्हणजे डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून आणायचं. सुरुवातीला लोक चिडले नाहीत का, असं मी विचारलं. ‘चिडले की,’ त्या म्हणाल्या. ‘शेळ्या होत्या ज्यांच्याकडं त्यांना इकाव्या लागल्या. सोपं न्हवतं बाई ते. तुम्ही आता हिरवं बघताय.’

हे वाक्य मला त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाटलं. कारण आमच्यासारखे पाहुणे येतात, बसेस भरून येतात, हिरवं बघतात, ‘अमेझिंग’ म्हणतात आणि जातात. नियम कोणाला तरी सोडावा लागलेल्या शेळ्यांवर उभे असतात, हे दिसत नाही. सगळे नियम मला पटले असंही नाही. लग्नाआधी एचआयव्ही चाचणी करायची, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हे ऐकून आमच्यातल्या दोघांच्या भुवया उंचावल्या, आणि यावर आम्ही परतीच्या वाटेवर कल्याणपर्यंत भांडलो. पण बोअरच्या नियमावर कोणी भांडलं नाही.

मग मावशींनी मला सहज विचारलं, ‘तुमच्याकडं पाणी कुठून येतं?’

‘ठाण्याला? नळाला येतं.’

‘नळाला कुठून?’

मी गप्प. म्हणजे, धरणातून. कुठल्या? माझ्या सोसायटीत, घोडबंदर रोडच्या बाजूला, मार्चपासून नळाला येतं ते कमी आणि टँकरने येतं ते जास्त. टँकर कुठून येतो? मला माहीत नव्हतं. मी पत्रकार आहे, मास कॉमची डिग्री आहे, लोकांना प्रश्न विचारून पोट भरते. हा प्रश्न मी पाच वर्षांत एकदाही विचारला नव्हता. आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीने तिसरी बोअर मारायचा कागद फिरवला होता, सहीसाठी. पहिली आटली होती, दुसरी गढूळ झाली होती. कागद माझ्या फ्रिजवर मॅग्नेटखाली होता. सोमवारी सही करून द्यायची, एवढंच डोक्यात.

बँकवालीने तोवर मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला होता. अर्थात.

‘एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर. या गावाचं क्षेत्र हजार हेक्टरच्या थोडं आत. चारशे मिलिमीटर धरले तर…’ तिने आकडा दाखवला. सुमारे ३९० कोटी लिटर. ‘यातलं बरंचसं वाफ होतं, वाहून जातं. जे मुरतं त्यावर सगळं गाव, गुरं, कांदा, भाजीपाला.’

‘बरं.’

‘आता तुझी बिल्डिंग. सगळ्या विंगच्या गच्च्या मिळून हजार चौरस मीटर धर. ठाण्याचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर.’ तिने बटणं दाबली. ‘पंचवीस लाख लिटर. दहा हजारांचा टँकर धरला तर अडीचशे टँकर. नुसत्या गच्चीवर पडतात दर पावसाळ्यात. ते कुठे जातात?’

गटारात. मला दिसलंही ते. पावसाळ्यात गेटसमोर गुडघाभर साचतं आणि आम्ही महापालिकेला शिव्या घालत ऑफिसला जातो. यांच्या सहापट पाऊस आमच्यावर पडतो, आणि टँकर आम्हाला लागतो.

डेंटिस्ट तेवढ्यात पोटरी चोळत म्हणाला, ‘आपल्या सोसायटीत पार्किंगचा नियम दोन महिने टिकत नाही, ही लोकं वर्षानुवर्षं पाणी मोजतायत.’ तो गमतीने म्हणाला होता. आम्ही हसलो, पण हसू लवकर संपलं. मला एक वेगळाच हिशेब सुचत होता. १९८९मध्ये या गावाला गळ घालणारी पोरं आणि ज्याला गळ घातली तो माणूस, सगळे तिशीच्या आसपासचे. म्हणजे आमच्याच वयाचे. आमच्या वयाचे लोक आज सोसायटीच्या मीटिंगला जात नाहीत. ‘तिथे काका लोक भांडतात’ म्हणून.

अंधार पडायच्या आत गावाबाहेरच्या बांधापर्यंत चालत गेलो. बाजरीची कणसं भरत आली होती, एका वाफ्यात कांद्याची रोपं पोपटी दिसत होती. ओढ्यात पाणी होतं, फार नाही, संथ. आवाज न करणारं. सकाळच्या धबधब्यांपुढे ते काहीच नव्हतं. इन्स्टाग्रामवर टाकलं तर चार लाइक्स मिळाले नसते. आयटीवाल्याने तरी फोटो काढला. मग त्याने आपल्या बाटलीत उरलेलं घोटभर पाणी ओतून टाकायला हात वाकडा केला आणि मधेच थांबला. झाकण लावून बाटली परत स्टँडमध्ये ठेवली. आम्ही तिघांनी बघितलं, कोणी काही म्हटलं नाही.

टेम्पो सात वाजता आला. काकांच्या बहिणीने आमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. त्या चटणीवर वेगळा लेख होईल. सायकली दोरीने बांधल्या, आम्ही मागे गोणपाटावर आडवे. सगळा रस्ता उलटा. आणे, आळेफाटा, ओतूर. पाऊस परत येत गेला. आधी वास, मग भुरभुर, मग माळशेजच्या माथ्यावर ताडपत्रीवर ढोल वाजल्यासारखा. घाटात काळोखात धबधबे दिसत नव्हते, ऐकू येत होते.

रेंज आल्यावर सोसायटीचा ग्रुप उघडला. सत्तेचाळीस मेसेज. गुड इव्हनिंगची फुलं, कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न, आणि सेक्रेटरींचं रिमाइंडर: बोअरच्या कागदावर ज्यांच्या सह्या राहिल्यात त्यांनी सोमवारपर्यंत द्याव्यात. मी टाइप केलं: ‘पहिल्या दोन बोअरची पातळी किती आहे, कोणी मोजलीय का? आणि गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडायला किती खर्च येईल?’

पाच मिनिटं काहीच नाही. मग एक अंगठा. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं उत्तर: ‘कोण मोजणार?’

मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. शेजारी डेंटिस्ट घोरत होता. मग लिहिलं, ‘मी मोजते. रविवारी सकाळी. दोरी आणि वजन लागेल, कोणाकडे आहे का?’

रविवारी आठ वाजता खाली गेले तेव्हा काकू दोरी घेऊन उभ्या होत्या. वजन म्हणून त्यांनी घरचा बत्ता आणला होता.